लग्नाची घाई करू नकोस

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. बापू,

मुलगी म्हणून वाढविलेल्या पोराने ‘मी पुरुष आहे’ असे तुमच्यापुढे सांगितले आणि ‘लग्न लावून दिले की हे खूळ उतरेल’ असा हुकूम तू फर्मावलास, हे तुझ्या पत्नीच्या, सौ. सुमनच्या, पत्रावरून कळले आणि मस्तक तापले.

हा आजार काय, असे विचारशील. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली संमत केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात अशा लिंगभावास मनोविकारांतून वगळले आहे. उपचारांचे म्हणशील तर पुरुषी संप्रेरकांनी आवाज जाड होतो, दाढी फुटते. शस्त्रक्रिया ज्याची त्याने इच्छेनुसार करावी. परंतु ज्याची हयात दप्तरात गेली त्याचे मत म्हणून हसू नकोस, खरी बिकट शस्त्रक्रिया कागदांवरची आहे. माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांची भरती महिला म्हणून झालेली, म्हणून 2017 साली त्यांचा शस्त्रक्रियेसाठीचा अर्ज नामंजूर झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, गृहखात्याची मंजुरी यावी लागली, तेव्हा कोठे मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. नोकरी टिकली, 2020 मध्ये विवाहही झाला. त्यांच्या तपासणीत पुरुषी गुणसूत्र आढळले होते. सर्वांच्या आढळत नाही, तेव्हा तेवढ्यावर अडून बसू नकोस. शस्त्रक्रियेची अट न घालता स्वतःचे लिंग स्वतः ठरविण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 सालीच मान्य केला आहे. तरी शाळेचा दाखला, आधार, शिधापत्रिका, बँकेचे खाते, सात-बारा असा एकेक दरवाजा ठोठावताना, बाप पाठीशी उभा असलेला अर्जदार आणि बापाने टाकलेला अर्जदार यांच्याकडे कारकून कोणत्या निरनिराळ्या नजरेने पाहतो, हे मी आयुष्यभर टेबलाच्या पलीकडून पाहिले आहे.

आपल्या मुलखात घरात न सामावणाऱ्या कित्येकांच्या हाती देवीची परडी देऊन त्यांना सौंदत्तीच्या डोंगराची वाट दाखविली गेली, आणि शाहू महाराजांनी 1920 साली देवाला जोगत्या-मुरळी सोडण्यास बंदी केली तरी पोरे टाकण्याची खोड गेली नाही. तुझे पोर मानी आहे. एखाद्या रात्री न सांगता निघून गेले तर शोधायचे कोठे, बापू?

म्हणून लग्नाची बोलणी आजच तहकूब कर, आणि पोराने जे नाव घेतले असेल त्याच नावाने त्यास घरात हाक मार. अर्जांचे मी पाहतो.

तुझा,
दादा