कपाटातली राखणदार

कंग्राळी बुद्रुककडे जाताना बेळगावचं मार्केट यार्ड लागतं. तिथल्या एका अडत दुकानात, चेकबुकं आणि लायसनच्या फायलींशेजारी, लोखंडी कपाटात ती राहते. तळहातावर मावणारी, काळी, एक टेराबाइटची हार्डडिस्क. अंगावर दिवाणजींच्या अक्षरातली चिठ्ठी : टॅली बॅकअप.

बाहेर दिवसभर गलका. बटाटा, कांदा, रताळी उतरतात, सौदे होतात, हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी कॉम्प्युटरवर तयार होते. ती या गर्दीत कधीच नसते. शनिवारी संध्याकाळी दिवाणजी तिला बाहेर काढतात. केबल जोडली की दिवा लुकलुकतो, आतली तबकडी घरघरते आणि आठवड्याचा हिशेब ती पोटात घेते. काम आटोपलं की केबल निघते, कपाटाला कुलूप लागतं.

हे वेगळं राहणं हाच तिचा सगळ्यात मोठा गुण. फसव्या ईमेलमधून किंवा चोरलेल्या पासवर्डातून रॅन्समवेअर आत शिरतं, फायली कुलूपबंद करतं आणि किल्लीसाठी खंडणी मागतं. जोडलेली प्रत्येक डिस्क, नेटवर्कवरचं प्रत्येक फोल्डर ते धुंडाळतं. कॉम्प्युटरला कायम चिकटून बसलेली प्रतही त्याच फेऱ्यात जाते. ही मात्र त्याच्या हाती लागत नाही.

27 जून 2017 रोजी नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने मर्स्क ही जहाज कंपनी जगभर ठप्प झाली. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचंही काम अडलं. पैसे मोजून फायली परत मिळण्याची सोय त्या हल्ल्यात नव्हतीच. कंपनीचं नेटवर्क पुन्हा उभारायला लागणारी मूळ माहिती सगळीकडून पुसली गेली होती. उरली ती घानातल्या एका सर्व्हरवर. तिथला करंट गेल्यामुळे तो हल्ल्याच्या वेळी नेटवर्कबाहेर होता. कंपनीला योगायोगाने मिळालं ते ही आपल्या दुकानात दर आठवड्याला नेमाने देते.

तिचे दोषही ओळखून असावं. टेबलावरून पडली तर ती दगावते, बेळगावच्या पावसाळ्यातला दमटपणा तिला मानवत नाही, वयही होतं. म्हणून तिची एक जोडीदारीण मालकांच्या घरी असते आणि दोघी आलटून-पालटून दुकानात येतात. व्हायरस आठवडाभर गुपचूप बसून राहिला, तरी आधीची प्रत शाबूत राहते. चोरलेली माहिती बाहेर फुटण्यापासून मात्र ती वाचवू शकत नाही. त्यासाठी अपडेट आणि पक्के पासवर्ड हवेतच. शिवाय ती अबोल. आतला हिशेब धड आहे की नाही, हे स्वतःहून सांगत नाही. दिवाणजी अधूनमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो उघडून पाहतात, तेव्हाच कळतं. आणि हल्ला झालाच, तर मशीन पूर्ण साफ होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, हा इथला कडक नियम.

काही हजारांत मिळणारी ही वस्तू यार्डातल्या प्रत्येक कपाटात असायला हवी. अगसगे, कडोली, उचगावच्या शेतकऱ्यांचं येणं तिच्यात लिहिलेलं आहे. दुकानाचं नुकसान मालक सोसेल. पण घाम गाळून पिकवलेल्या मालाचा हिशेब हरवू देण्याचा हक्क त्याला नाही.