हिरवी साय

शहापूरजवळच्या आमच्या गावात गोठ्याच्या उताराला एक खड्डा होता. मोरीचं, गुरं धुतलेलं पाणी तिथे साचायचं. होळीनंतर उन्हं तापली की त्यावर हिरवी साय धरायची. आजी जुनं लुगडं फाडून आणायची. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. बुडवायचं, उचलायचं, गाळ निथळू द्यायचा आणि वांग्यांच्या बुडाशी नेऊन टाकायचा. मला किळस यायची. “घाण कसली, शेणाचाच कस हाय त्यो,” ती म्हणायची. साय हाती यायची. खालचं हिरवं पाणी मात्र लुगड्यातून गळून जायचं.

तो कस म्हणजे नत्र आणि स्फुरद, हे पुढे शिकलो. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी शेवाळाकडून सांडपाणी साफ करून घेण्यासाठी फूट-दीड फूट खोलीची उथळ तळी आखली. जिवाणू मैला कुजवतात, त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड, नत्र, स्फुरद शेवाळ उचलतं आणि उन्हात जिवाणूंना प्राणवायू परत देतं. किती सुंदर देवघेव! पण खरी मेहनत त्यानंतरची, शेवाळ पाण्यातून काढण्याची. क्लोरेलाची पेशी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी, लवकर तळाशीही बसत नाही. आणि काढलं नाही, तर शेवाळ मरतं, कुजतं, खाल्लेलं सगळं पुन्हा पाण्यातच सोडतं. म्हणून जिवाणूंसोबत त्याच्या गुठळ्या बांधायच्या, म्हणजे ते जड होऊन खाली बसतं.

आमच्या तालुक्यातून तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. पुढे भातसाचंही जाऊ लागलं. धरणाच्या उशालाच असलेले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. मुंबईला न जाता भातसेत उरलेलं पाणी काळू नदीला मिळतं, काळू उल्हास नदीला. कल्याणजवळ मोहन्याला उल्हास जलपर्णीखाली दिसेनाशी होते. वरच्या वस्त्यांच्या सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद तिथे पानं होऊन तरंगतं, आणि इकडे मुरबाडचा शेतकरी आवणीनंतर खाचरात टाकायला युरियाची गोण विकत आणतो. मला हे सहन होत नाही. गावागावांच्या नाल्यांच्या तोंडाशी ऑस्वाल्ड यांच्यासारखी तळी हवीत, आणि त्यातला गाळ वाहून शेतात नेणारी माणसंही.

मोहन्याच्या पुलावर उभा राहिलो की हात आपोआप आवळतात. ओलं लुगडं जड झालेलं असतं, माझं टोक निसटू लागतं, आणि पलीकडून आजी म्हणते, “घट धर रं, कस चालला.”