धाप लागली, मग पाय का पाहता?

धाप लागलेल्या माणसाला आपण कॅज्युअल्टीत आणता आणि डॉक्टर छाती सोडून पोटऱ्या चाचपू लागतात. त्या वेळी आपल्या कपाळावर चढणारी आठी मी पूर्व उपनगरातील एका रुग्णालयात रात्रपाळ्या करताना पुष्कळदा पाहिली आहे. 'महिन्याभरात शस्त्रक्रिया झाली होती का? गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का?' असे विचारले की नातेवाईक वैतागतात, 'आधी काहीतरी करा ना!' वाचकहो, ते विचारणे हीच त्या घटकेची तपासणी असते.

पायाच्या खोल शिरेत साकळलेले रक्त सुटून हृदयावाटे फुप्फुसाच्या रोहिणीत अडकते, त्याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. धाप, श्वास घेताना छातीत उठणारी कळ, धडधड, भोवळ ही त्याची लक्षणे. ईसीजी आणि एक्स-रे मात्र जवळजवळ निर्दोष असू शकतात. शिवाय आपल्याकडे धापेला सबबी हाताशीच असतात. रेल्वेचा पूल, लिफ्ट नसलेल्या इमारतीचा चौथा मजला आणि अर्थात 'गॅस'. या एका शब्दाइतका मौल्यवान वेळ मुंबईच्या रहदारीनेही दवडला नसेल!

मग सरसकट सीटी अँजिओग्राफी का करत नाही? तिच्यात किरणोत्सर्ग असतो, शिरेतून द्यावे लागणारे औषध मूत्रपिंडांना जड जाऊ शकते. म्हणून कॅनडातील डॉ. फिलिप वेल्स यांच्या नावाने ओळखली जाणारी गुणपद्धती आम्ही वापरतो. गुण 4 किंवा त्याहून कमी असतील, तर डी-डायमर ही रक्तचाचणी. ती निर्दोष आली की सीटी टळते. चाचणी वाढलेली आली म्हणजे गुठळी आहेच, असे मात्र नव्हे. जंतुसंसर्ग, गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, नुसते वाढते वय यांनीही ती वाढते. हौसेने परस्पर करून घेण्याची ही चाचणी नव्हे.

मुलुंडहून एक चाळिशीच्या बाई आल्या होत्या. घरचे सांगत होते, 'कालपर्यंत ठणठणीत होती.' दाराशी उभ्या असलेल्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, 'परवाच तर घोट्याचे प्लास्टर काढले.' हाडाची गोष्ट छातीच्या डॉक्टरला कशाला सांगायची, असे बाकीच्यांना वाटले असावे. सलवार वर केली, तर एक पोटरी सुजलेली आणि दुखरी. त्याचे 3 गुण. जखडून राहिलेल्या पायाचे 1.5, नाडी 116, तिचे 1.5. एकूण 6. डी-डायमरची वाट न पाहता सीटीला पाठवले, आणि रक्तस्रावाचा धोका नाही हे पाहून रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन त्याआधीच दिले. दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या निघाल्या. रक्तदाब टिकून होता, म्हणून गुठळी विरघळवणाऱ्या अधिक जोखमीच्या औषधाची गरज पडली नाही. आठवड्याने त्या स्वतः चालत घरी गेल्या. पुढचे तीन महिने घ्यायच्या गोळ्यांची चिठ्ठी जाऊबाईंच्या पर्समध्ये होती.