सातबारा कुणाच्या नावावर?

बोटीवरून, पॅसिफिक महासागर

तीर्थरूप अप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज क्लिपर्टन बेट दिसलं. मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून हजार किलोमीटरहून जास्त आलोय आणि मध्ये कुठे टेकायला जागा नाही. आधी नजरेला पडतो तो 29 मीटर उंचीचा एकच खडक. बुडालेल्या ज्वालामुखीचा तेवढाच भाग पाण्यावर उरलाय. बाकी सगळं बेट म्हणजे प्रवाळाचं बारीक, सखल कडं, साधारण बारा किलोमीटर घेराचं. आतल्या सरोवराची समुद्राकडची तोंडं एकोणिसाव्या शतकातच बुजली. पावसाने वरचं पाणी जवळजवळ गोडं झालंय, तळाशी मात्र कुजका वायू. बंदर नाही. लाटा बघून उद्या उतरायचं.

तुमची,
शमी

*

बोटीवरून, परतीच्या वाटेवर

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

उतरलो, चिंब भिजून. पायाखाली भगवे खेकडे आणि पुढे नजर जाईल तिथे बूबी पक्षी. ते माणसाला बिचकत नाहीत, चोच मात्र मारतात. मागे इथल्या माणसांची डुकरं उरली होती, ती अंडी आणि खेकडे फस्त करायची. 1958 मध्ये एका अमेरिकी पक्षितज्ज्ञाने ती मारली, तेव्हा पक्षी सावरले. आता फुटलेल्या जहाजांवरून उंदीर आलेत. म्हणजे पुन्हा तेच.

तुम्ही तलाठी, म्हणून सातबाऱ्याचं सांगते. 1858 मध्ये एका फ्रेंच अधिकाऱ्याने किनाऱ्याजवळ जहाजावर बसूनच मालकीचा कागद केला, होनोलुलूच्या वर्तमानपत्रात छापून आणला आणि बेटावर एक खूणही न ठेवता निघून गेला. असला पंचनामा तुम्ही फेटाळलाच असता! 1897 मध्ये मेक्सिकोने इथे आपला झेंडा लावला. पुढे शिबंदीही ठेवली, बायकामुलांसकट. 1909 मध्ये दोन्ही देशांनी वाद इटलीच्या राजाकडे सोपवला. मेक्सिकोत क्रांती पेटल्यावर रसद घेऊन येणारं जहाज बंद झालं. ताज्या अन्नाअभावी माणसं स्कर्व्हीने मेली. 1915 मध्ये शिबंदीचा प्रमुख, कॅप्टन रामोन आर्नो, बुडाला. शेवटी उरलेला एकमेव पुरुष, दीपगृहाचा रखवालदार, स्वतःला राजा म्हणवून बायकांवर अत्याचार करत राहिला. 1917 च्या जुलैत बायकांनी त्याला ठार केलं आणि नेमकं तेव्हाच एक अमेरिकी युद्धनौका तिथे पोचली. बायका आणि मुलं मिळून अकरा जण वाचले.

इटलीच्या राजाचा निवाडा आला 1931 मध्ये, फ्रान्सच्या बाजूने. निर्मनुष्य जागेवर हक्क लागायला जाहीर करणं पुरेसं, वस्ती लागत नाही, असा त्याचा मथितार्थ. कायद्याने बरोबर असेल. पण ज्यांनी इथे आपली माणसं पुरली त्यांच्या वहिवाटीची दखल कोण घेणार?

आज क्लिपर्टन थेट फ्रान्सच्या सागरापलीकडच्या प्रांतांच्या मंत्र्याच्या अखत्यारीत आहे. जमीन दोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही, पण तिच्यामुळे फ्रान्सला भोवतीच्या सुमारे 4,35,000 चौरस किलोमीटर समुद्रावर हक्क मिळतो. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा आहे तो! खरी किंमत तिथल्या ट्यूनाची. मेक्सिकोच्या बोटींना तिथे मासेमारी करू देण्याचा करार 2007 मध्ये झाला. 2016 पासून राखीव आहे तो बेटाभोवतीचा फक्त बारा सागरी मैलांचा पट्टा, आणि माझ्या मते तो फारच थोडा आहे.

तुमची,
शमी