ताप, कित्ता, कित्ता

पणजीचं पान आमच्याकडे अविधवा नवमीला वाढतात. म्हणजे ती सवाष्ण गेली, एवढं नक्की. कधी गेली विचारलं तर आत्या म्हणते, "तापाच्या सालात." ते साल 1918. मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाच्या साथीनं दहा लाखांवर माणसं नेली, त्यांत तरणीताठीच जास्त.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आमच्या गावी, करकंबात, कितीदा ऐकलेली ही म्हण आता डोक्यातून जात नाही. दुःख नाही म्हणणारा कोण असेल? म्हातारीचा मुलगा तर नव्हे. पारावर बसलेला कुणी, ज्याला पुढच्या उंबऱ्याची काळजी. त्याचंही चुकत नाही. त्याच्या घरात लेकरं असतील. पण म्हातारीचा निकाल पहिल्या चार शब्दांतच लागला. आणि त्या साली काळ म्हाताऱ्यांपाशी थांबलाच नाही. पोरवयातल्या आईसाठी कुठली म्हण आहे?

पणजीची नोंद शोधायची तर गाव नमुना 14, आपलं कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मरणाची वही. कुणबी नोंदींसाठी 2023 साली शिंदे समिती बसली, तेव्हा गावोगावची ही दप्तरं बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली, पानं स्कॅन झाली. जिवंतांच्या दाखल्यांसाठी मेलेल्यांची पानं उलटली गेली. मला ते खटकत नाही. एरवी ती कुणी उघडली असती?

त्या तापाच्या सालातल्या एका पानावर मरणाच्या कारणाखाली 'ताप'. खाली 'कित्ता'. मग कित्ता, कित्ता, थेट तळापर्यंत. पटकी, देवी, प्लेग यांना सरकारी हिशेबात स्वतंत्र खाती होती. इन्फ्लुएंझा बहुतेक तापातच जमा झाला. अक्षर खाली खाली फरफटत गेलंय. लिहिणारा दमला होता, की त्यालाही चढला होता? की हातच सोकावला? असं म्हणवत नाही. त्याच्याही घरातलं कुणी त्या ओळींत असेल.

त्यातच आमचं आडनाव. पणजोबांचं नाव, पुढे 'बायको', वय बावीस. तिचं नाव नाही. मोडी वाचणारे काका म्हणाले, "सापडली की!" मलाही तसंच वाटलं. घरी सांगितलं, तर आत्या म्हणाली, "अरे, त्यांची दोन लग्नं झाली होती." आजोबांच्या जन्माच्या नोंदीत बापाचं नाव आहे, आईचं नाही, आणि सालाची शाई विरलेली. मग आजोबा थोरलीचे की धाकटीचे? धाकटी कुठली, कधी गेली, हे आत्यालाही आठवत नाही. 1918 च्या पुढची पानं अजून वाचून व्हायची आहेत.