हाताळून घेण्याची वस्तू

सांगलीच्या बाजारपेठेतील एका कापड व्यापाऱ्यांनी पासष्टी उलटल्यावर गल्ल्याच्या किल्ल्या मुलाच्या हाती सोपविल्या. घरीदारी सारे त्यांना अण्णा म्हणत. पहाटे कृष्णेच्या घाटावर फिरताना पाण्यात सूर मारणारा खंड्या त्यांना रोज दिसे; पण चष्म्यातूनही तो निळा ठिपकाच राही. आयुष्यभर कापडाची वीण पारखलेल्या डोळ्यांना हे खटकले. एक चांगली दुर्बीण घ्यावी, असे त्यांनी ठरविले.

क्रीडासाहित्याच्या दुकानात काचेच्या कपाटात एकच दुर्बीण होती. तिच्यावर ‘३०×६०’ असे ठसठशीत छापले होते. पहिला आकडा वस्तू कितीपट मोठी दिसते याचा, दुसरा पुढील भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. अण्णांनी सवयीने खिशातील टेप काढली. साठ म्हणविणारे भिंग तीस मिलिमीटरही भरले नाही. मापात खोट निघालेला माल त्यांनी कधी घेतला नव्हता.

चष्म्याचे दुकानदार म्हणाले, “आगाऊ रक्कम द्या, मागवून देतो, मात्र परत घेणार नाही. दहा हजारांचा नग वर्षात एखादा खपतो. भांडवल किती दिवस अडकवायचे?” अण्णा निरुत्तर झाले. उंची रेशमी शालू ठेवणे त्यांनी स्वतः याच कारणाने बंद केले होते. माल दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, आणि गिऱ्हाईक जाते म्हणून माल ठेवला जात नाही.

पुढे मुलासह मुंबईस गेले असता फोर्टमधील कॅमेऱ्याच्या एका दुकानात चार-पाच दुर्बिणी मांडलेल्या दिसल्या. वयस्क दुकानदारांनी ८×४२ची दुर्बीण हाती दिली. बेचाळीसला आठाने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते, सव्वापाच मिलिमीटर. म्हणून ती पहाटेच्या अंधुक उजेडात उपयोगी. तीसपट शक्ती खरी असती, तरी हाताचा कंपही तीसपट झाला असता, असे ते म्हणाले. चष्मा न काढता पूर्ण वर्तुळ दिसते का, हे त्यांनी पाहावयास लावले. उजव्या डोळ्याजवळील कडी फिरवून दोन्ही डोळ्यांतील फरक जुळवून दिला. समोरच्या इमारतीच्या कठड्यावर एक पारवा बसला होता. त्याच्या मानेवरील हिरवी-जांभळी झाक अण्णा बराच वेळ पाहत राहिले. अर्धा तास कसा गेला, कळले नाही.

मुलाने हळूच मोबाइल पुढे केला. तीच दुर्बीण ऑनलाइन अकराशे रुपयांनी स्वस्त होती. “अण्णा, पसंत तर झालीच आहे, घरूनच मागवू या.”

अण्णांना स्वतःच्या गादीवरचे प्रसंग आठवले. दहा ठाण उलगडावयास लावून, पोत बोटांत चोळून, मोबाइलवर फोटो काढून निघून जाणारी गिऱ्हाइके. आणि त्यांच्या मागे घड्या घालताना मनात उठणारी चरफड. त्यांनी दुकानदारांना भावातील फरक उघडपणे सांगितला. दुकानदारांनी क्षणभर विचार करून चारशे रुपये कमी केले. “याहून खाली मला परवडत नाही, शेठ.” अण्णांनी पैसे मोजून दिले व पक्की पावती घेतली.

रात्री परतीच्या गाडीत खर्च टिपताना मुलाने विचारले, “जास्तीचे सातशे कोणत्या खाती लिहू?”

“दुर्बिणीच्या किमतीतच लिही,” अण्णा म्हणाले. “दाखविण्याचेही काही द्यावेच लागते.”