पाठ जमिनीवर घडते

‘सरळ बस’ हे दोन शब्द माझ्या थेरपीच्या खोलीत मी वापरत नाही. पालकांनीही निदान तेवढ्या पाऊण तासात ते उच्चारू नयेत, असं पहिल्याच भेटीत सांगते. त्यांचा परिणाम कुणीही घरी पाहू शकतं. मूल पाठ ताठ करतं, श्वास रोखून धरतं आणि मिनिटभरात पुन्हा टेबलावर ओघळतं. मग त्याला आळशी म्हणतात, वहीत शेरा येतो. मूल आळशी नसतं, दमलेलं असतं. धड सावरून ठेवणं हे त्याच्या शरीराला अजून आपोआप जमत नाही, लक्ष देऊन करावं लागतं. आणि लक्ष तर फळ्याकडे द्यायचं असतं! दोन्ही एकदम झेपत नाही, तेव्हा ते पाठ सोडून देतं आणि फळा धरून ठेवतं. मला ही निवड शहाणपणाची वाटते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आपल्याकडे या विषयाचं शिक्षण 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केलं. माणसाला त्याच्या रोजच्या कामांतूनच पुन्हा उभं करायचं, हा त्या विद्येचा गाभा. लहान मुलाचं रोजचं काम म्हणजे खेळ. त्यामुळे माझ्या खोलीत झोपाळा आहे, गाद्या आहेत, मोठा बॉल आहे, आणि मुलं ‘खेळायला चाललो’ म्हणूनच येतात.

पालक मात्र बहुतेक वेळा अक्षराची तक्रार घेऊन येतात. ‘मॅडम, बोटांचे काहीतरी व्यायाम द्या.’ बोटं मी शेवटी बघते. आधी मुलाला मॅटवर पालथं झोपवते आणि विमान करायला सांगते: डोकं, छाती, हात, पाय, सगळं जमिनीपासून वर. सहा वर्षांच्या मुलाला हे 20-30 सेकंद टिकवता यावं. अक्षराची तक्रार असलेल्या कितीतरी मुलांचे पाय चार-पाच सेकंदांत खाली येतात. पेन्सिल चालते ती बोटांनी, पण बोटांना स्थिर मनगट लागतं, मनगटाला खांदा लागतो आणि खांद्याला धड. धडच डगमगत असेल तर मूल छाती टेबलाला टेकवतं आणि डोकं डाव्या हातावर ठेवतं. ज्या हातानं वही धरायची तो हात डोकं सांभाळत बसतो, वही सरकते आणि अक्षर ओळ सोडतं. अशा मुलाला घोटून घोटून दहा पानं लिहायला लावली, तर ते दहा पानं वाकून बसण्याचाच सराव करतं.

ही पाठ घडते कुठे? जन्मतः कणा एकाच बाजूला वळलेला असतो. पालथं असताना बाळ मान उचलू लागतं, तसा मानेचा बाक आकाराला येतो. पुढे बसता, उभं राहता, चालता कमरेचा बाक घडत जातो. आपल्याकडे अंघोळ घालणारी बाई पाय लांब करून पाटावर बसते आणि बाळाला नडग्यांवर पालथं घेते. ते बाळ रडत रडत मान वर काढतं. पालथं राहण्याचा तो रोजचा, न चुकता मिळणारा सराव होता. आता अंघोळ टबात होते. झोपताना बाळाला उताणंच ठेवावं, हा सल्ला अगदी बरोबर आहे, तो मोडू नये. पण जागं असतानाही ते झोळीवजा खुर्चीत आणि कारच्या सीटमध्ये उताणंच राहिलं, तर मान उचलायची संधी येते कधी? जागं बाळ, जमिनीवर सतरंजी, शेजारी एक मोठं माणूस. त्या वयात याहून महागडं काही लागत नाही.

वॉकरबद्दल मात्र मी सौम्यपणे बोलू शकत नाही. कॅनडानं 2004 मध्ये त्याची विक्रीच बंद केली, कारण मुलं त्यासकट जिन्यावरून कोसळत होती. आपल्याकडे तो आजही बारशाला भेट म्हणून येतो. आजी म्हणतात, ‘पूर्वी पांगुळगाडा नव्हता का?’ होता, पण तो वेगळा. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं, सगळं वजन स्वतः पेलतं, गाडा पुढे पळाला तर पडतं. वॉकरमध्ये ते टांगलेलं असतं आणि चवड्यांनी जमीन ढकलतं. तोल सांभाळायची वेळच त्याच्यावर येत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चालायला लागलेली मुलं मोकळ्या खेळात तासाला सरासरी 2,368 पावलं टाकत होती आणि 17 वेळा पडत होती. हे आकडे मी आईवडिलांना मुद्दाम सांगते. पडणं हा त्या शिकण्याचाच भाग आहे.

तितक्याच मुद्दाम काही भीती काढूनही टाकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या पाहणीत (त्यात दिल्लीचीही मुलं होती) आधाराशिवाय चालण्याचं वय साधारण 8 ते पावणेअठरा महिने इतकं पसरलेलं दिसलं, आणि सुमारे 4 टक्के मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. शेजारचं बाळ वर्षाचं असताना चाललं म्हणून आपलं मागे पडत नाही. दोन्ही पाय मागे फाकवून बसणाऱ्या मुलांवरही लगेच ओरडू नये. लहानपणी मांडीचं हाड मोठ्यांपेक्षा बरंच आतल्या बाजूला वळलेलं असतं, म्हणून ते बसणं त्यांना सोपं जातं. तसंच तासन् तास बसणं, दुसरं काही जमतच नसणं, एकच बाजू वापरणं, हे दिसलं तर मात्र दाखवायला आणावं.

माझा सगळ्यात आवडता खेळ सागरगोटे. सागरगोटे काष्ठौषधींच्या दुकानात अजून मिळतात, नाहीतर खडे घ्यावेत (तीन वर्षांखालच्या मुलांपासून मात्र ते लांब ठेवावेत). मूल जमिनीवर बसतं, एक गुडघा उभा. एक गोटा वर उडतो, डोळे त्याच्यामागे जातात, तेवढ्यात हात खाली जाऊन दुसरा उचलतो आणि परत येऊन पहिला झेलतो. डाव पुढे गेला की कस लागतो. आधीचे गोटे करंगळी-अनामिकेत दाबून धरायचे आणि उरलेली तीन बोटं मोकळी ठेवून नवा उचलायचा. पेन्सिल धरताना हात अशीच वाटणी करतो: दोन बोटं घट्ट, तीन चपळ. वर्कशीटवरचे ठिपके जोडून हे येत नाही. शिवाय हा सगळा वेळ मूल धड फिरवतं, झुकतं, सावरतं, आणि कुणी त्याला सरळ बस म्हणत नाही. हा मुलींचा खेळ म्हणून मुलग्यांपासून काढून घेतला, हे मला मोठं नुकसान वाटतं. लंगडीचंही तेच. एका पायावर धावत, गडी बाद करायला अंग बाहेर झोकत, कमरेच्या बाजूचे स्नायू जितकं काम करतात, तितकं मी मॅटवर मोजून करून घेऊ शकत नाही.

म्हणून लिखाण अपुरं राहिलं या कारणासाठी खेळाचा तास बंद केल्याचं कळलं की मी शाळेला चिठ्ठी लिहिते. दुसरी काही शिक्षा करा, त्या मुलाचं मैदान काढून घेऊ नका. काही वर्गशिक्षिका फोन करून विचारतात, मग वर्गात काय करू? बाकावर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा जुन्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवा. तळवे टेकले की कंबर स्थिर होते. वाचनाच्या वेळी सतरंजीवर पालथं पडून वाचू द्या. शुद्धलेखनाचे चार शब्द उभ्यानं फळ्यावर लिहून घ्या, म्हणजे खांदा काम करेल. आणि सुट्टीत शूज काढून मातीत पळू द्या. घरून तक्रार आली तर माझा नंबर द्या.